नितळ

डोळेवाल्यांनी लाल रेशमाचा केसाएवढा तंतू चिमट्यात धरला आणि ताटलीतल्या बनावट डोळ्याच्या पांढऱ्यावर शीर म्हणून अलगद टेकवला. मग मान वर करून समोर बसलेल्या बाईंच्या खऱ्या डोळ्यात पाहिलं. गल्लीत सगळे त्यांना डोळेवाले म्हणत. "म्हणजे तुम्ही सगळे आंधळे की काय?" असं ते हसून विचारत. त्यावर हसणारी बायको गेली, तसा तो विनोदही पोरका झाला.

त्यांचं कामच असं, की माणसाच्या डोळ्यात तासन्‌तास बघावं, पण त्या माणसानं मात्र भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत बसावं. इतक्या वर्षांच्या कामात त्यांच्या डोळ्यात कुणी असं पाहिलं नव्हतं.

बाईंचा डोळा मागच्याच खेपेला जमला होता. तरी आजही ते एक तंतू लावत होते, एक काढत होते.

"लिंपिड म्हणजे काय हो?" खिळ्यावरची नजर न काढता बाईंनी विचारलं. "लेक फोनवर म्हणाली, आई, तुझे डोळे लिंपिड होते. अर्थ विचारेस्तोवर तिची मीटिंग सुरू झाली."

"नितळ. पाण्याचा तळ दिसावा, तसे."

"रागावलेल्या माणसाच्या डोळ्यांनाही म्हणतात?"

"नाही. आत-बाहेर काही लपवलेलं नसेल, तरच."

"आणि एकाच डोळ्याला?"

डोळेवाले थबकले. "वाचलं नाही कुठं. जोडीनंच येतो तो शब्द."

"घ्या! इथंही जोडी लागतेच," बाई हसल्या. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथंच बसलं.

डोळेवाल्यांनी चिमटा खाली ठेवला. आता काम लांबवणं त्यांच्याच्यानं होईना. लावलेला तंतू काढला, डोळा धुतला, पुसला आणि तळहातावर धरून पुढे केला.

"झाला. बसवून बघा."

बाईंनी पाठ फिरवून तो बसवला. आरशात बराच वेळ पाहिलं. मग खिळ्याकडे नाही, सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"कोणता खरा, सांगा बरं."

स्वतःच्या हातचं काम, तरी त्यांना क्षणभर सांगता येईना. "जमलाय," ते म्हणाले, आणि नसलेला रंग बोटांवरून पुसू लागले. "आता यायची गरज नाही तुम्हाला."

बाईंनी डोळा काढला, ताटलीतल्या मऊ कापडावर ठेवला आणि ताटली त्यांच्याकडे सरकवली.

"उन्हात कसा दिसतो, ते कुठं पाहिलंय अजून? पुढच्या आठवड्यात येते."

खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं. टेबल, ब्रश, दोघांचे हात, सगळं त्यात न्हालेलं.

डोळेवाल्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले, "आज जरा ढगाळच आहे."