बावीस दात आणि पठाराचा घाट

कट्-कट्-कट्... पायडल मारायचं थांबवलं तरी सायकलच्या मागच्या चाकातून हा आवाज येत राहतो ना? तो माझा. ज्याच्या दातांवरून चेन फिरते, तो मी फ्रीव्हील. दात मोजलेत तर बावीस भरतील.

जन्म लुधियानाचा. पुढे नगरच्या एका दुकानात दोन वर्षं पडून होतो. गिऱ्हाईक मला हातात घेई, "एवढं मोठं कशाला? नुसते पाय गरगरतील," म्हणे आणि अठरा दातांचा माझा भाऊ घेऊन जाई. शेवटी पारनेरच्या गहिनीनाथ मिस्त्रीनं मला नेलं.

१९७१चा मे महिना. गुरांच्या दवाखान्यातले कंपौंडर उत्तमराव सायकल घेऊन गहिनीनाथच्या दुकानी आले. वय पन्नाशीचं. पावसाळ्याआधी पठारावरच्या वाडीत गुरांना घटसर्पाची लस टोचायची होती आणि लस बर्फात राहिली तरच कामाची. मागल्या वर्षी घाटात सायकल ढकलता ढकलता ऊन चढलं, बर्फाचं पाणी झालं, निम्मी लस वाया गेली. पावसाळ्यात वाडीतली सात जनावरं दगावली. तिथल्या गोजरबाईंच्या बैलजोडीतला एक बैलही गेला.

"मिस्त्री, छातीत दम राहिला नाही आता," उत्तमराव म्हणाले. "यंदा दुसऱ्या कुणाला पाठवा, असं साहेबांना सांगणार आहे."

गहिनीनाथनं मागचं चाक उचलून फिरवलं. "दम हाय, कंपौंडरसाहेब. दात कमी हायेत. ह्ये अठराचं काढू, बावीसचं टाकू. दात जास्ती, तेवढं चढाला पायडल हलकं."

"मग चोवीसचंच टाक की!"

"टाकतो. पन सपाटीला पाय मारून मारून घाटाच्या आदीच दमाल. घाट तीन मैल, सपाटी सात मैल. बावीस बास."

त्यानं मला चढवलं आणि चेनला दोन कड्या वाढवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ आणि भुसा भरलेली पेटी कॅरिअरला बांधून आम्ही निघालो. एसटी स्टँडपाशी कुणीतरी ओरडलं, "कंपौंडर, सायकल हाय का शिलाई मशीन?" सगळे हसले. पाय खरंच भराभर फिरत होते आणि सायकल बेतानं चालली होती. मला फार ओशाळल्यासारखं झालं. उत्तमराव मात्र मान खाली घालून पायडल मारत राहिले.

घाट लागला आणि मला माझं काम कळलं. पहिलं वळण सहज गेलं. दुसऱ्याला त्यांना धाप लागली, पण पाय अडला नाही. शेवटच्या चढाला तरणे गडीसुद्धा उतरायचे. तिथं उत्तमराव सीटवरून उठले. चेन करकरली. त्यांचं आणि पेटीचं सगळं वजन माझ्या दातांवर आलं. मी एकेक दात घट्ट रोवत होतो. आणखी एक फेरा, आणखी एक... आणि समोर चढ उरलाच नाही! नुसतं मोकळं आभाळ आणि वारा. कंपौंडरांनी पाय टेकला नव्हता!

वाडीत गोजरबाई दारातच उभ्या होत्या. "आलात व्हय? तुमची लस म्हंजी कोमट पानी. माझा एक बैल गेला, दुसऱ्याला हात लावू देनार न्हाई."

उत्तमरावांनी पेटी उघडली. "हात घालून बघा, बाई."

बाईंनी भुशात हात घातला आणि झटकन मागे घेतला. "अगं बया! बरफ हाय की ह्यो!" मग स्वतःच बैल सोडून आणला. "आदी ह्याला टोचा."

दिवेलागणीपर्यंत वाडीतलं एकही जनावर टोचायचं राहिलं नाही. त्या पावसाळ्यात घटसर्पानं वाडीचं एक वासरूही नेलं नाही.

याला तीन वर्षं झाली. आता दूधवाले, शाळामास्तर, सगळेच गहिनीनाथकडे "कंपौंडरचं फ्रीव्हील" मागतात. माझे दात झिजलेत, कधी कधी चेन घसरते. मला उतरवतील तेव्हा उतरवोत. तुम्हाला एवढंच सांगतो, हलकं चक्र घेण्यात कमीपणा मानू नका. घाटाखाली कोण हसलं, ते वर पोचल्यावर कुणी विचारत नाही.

बरं, येतो. उत्तमराव पेटीची दोरी आवळताहेत आणि ऊन चढायच्या आत आम्हाला वर जायचंय.