पदरावरचा माईक

भैरवीला गाणं पुन्हा ऐकू यायला दोन वर्षं लागली. सरोजिनीवैनी काय चीज आहेत ते कळायला मात्र एक चहा पुरला.

तापात दोन्ही कान गेले तेव्हा भैरवी गल्लीतल्या महिला भजनी मंडळाची मुख्य गायिका होती. तिची जागा वैनींनी लगोलग बळकावली, विचारपूससुद्धा नंतर केली. पुढं ऑपरेशन होऊन भैरवीच्या दोन्ही कानांत इम्प्लांट बसले, कानांमागं छोटी यंत्रं आली. सुरुवातीला पेटीचा आवाज पत्रा खरवडल्यासारखा यायचा. नवरा अभिराम रोज पेटीवर एकेक सूर धरून बसायचा, आणि ओळखता आल्याशिवाय ही त्याला उठू द्यायची नाही. पाठ असलेले अभंग आधी ओळखीचे वाटू लागले, मग गोड लागले. ज्या दिवशी पंचम लख्ख ऐकू आला त्या दिवशी ती पेटीपाशी बसून पोटभर रडली.

मंडळात परतल्यावर, गलक्यातूनही नीट ऐकू यावं म्हणून ती एक छोटा बिनतारी माईक वैनींच्या पदराला लावायची. त्यातला आवाज थेट तिच्या कानात यायचा. त्या दिवशी तालीम संपली आणि वैनी माईक तसाच ठेवून मंडळातल्या पूर्णिमाबरोबर आत चहा करायला गेल्या. बाहेर झांजा पुसत बसलेल्या भैरवीला आधी कपबश्यांचा आवाज आला, मागोमाग वैनींचा.

"नवरात्रात गाऊ दे की तिला एक अभंग. स्पीकरवाल्या पिराजीला सांगून तिचा माईक बंदच ठेवतो मी. बहिरीला काय कळतंय? मशीन हाय नुसतं कानात."

पूर्णिमा हसली.

भैरवीच्या अंगाचा तिळपापड झाला. आत जाऊन पातेलं पालथं करावं असं तिला वाटलं. पण तिनं निमूट चहा घेतला, वर "आलं झकास पडलंय वैनी" असंही म्हणाली. राग तिनं लोणच्यासारखा मुरत ठेवला.

कार्यक्रमाच्या दिवशी तिनं छोटा माईक अभिरामकडं दिला आणि त्याला स्पीकरसमोर बसवलं. आता लोकांना जे ऐकू येईल ते तिलाही येणार होतं. तिची पाळी आली. तिनं पहिली ओळ म्हटली. स्पीकरमधून तबला आला, पेटी आली, तिचा आवाज काही आला नाही.

ती थांबली. उठून सरळ वैनींच्या हातातला माईक काढून घेतला.

"माझा माईक वैनींनी बंद ठेवायला लावलाय," ती लोकांना म्हणाली. "बहिरीला काय कळतंय, असं म्हणाल्या. माझाच माईक पदराला लावून म्हणाल्या. पूर्णिमा, खरं का न्हाय?"

पूर्णिमानं मान खाली घातली. पिराजी वायरी चाचपू लागला.

भैरवी मधोमध, तिच्या जुन्या जागी बसली आणि अख्खा अभंग गायली. स्पीकरमधून स्वतःचा आवाज परत येत होता, आणि समोर वैनींचा चेहरा उतरत होता. दोन्हींतलं जास्त गोड काय, हे तिला ठरवता येईना.

मग तिनं माईक परत दिला. "घ्या वैनी. आता तुम्ही म्हणा."

वैनींना सुरुवात करावीच लागली. भैरवीनं त्यांच्यासमोर, सगळ्यांच्या देखत, कानांमागची दोन्ही यंत्रं सावकाश काढली, डबीत ठेवली, झाकण लावलं. आणि मांडी घालून वैनींचे हलणारे ओठ ती शेवटपर्यंत बघत बसली.