पाचवा रेचा

हिंगोलीच्या त्या कापसाच्या जिनात इनायत मिस्त्री अकरा वर्षं इंजिन सांभाळत होता, आणि रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर, कापूस घालणाऱ्या बायांची मुकादम होती नर्मदाबाई. दोघांचं बरं जमायचं. पट्टा कुरकुरला की ती त्याला हाक मारायची. तो बंद म्हणाला की ती बाया उठवायची.

लढाई सुरू झाली त्या साली जुने मॅनेजर वारले. शेठजींनी त्यांच्या जागी मळ्यावरचा कारभारी शंकरसिंग आणून बसवला. यंत्रातलं त्याला काही कळत नव्हतं, आणि ते उघडं पडू नये म्हणून तो शेडमध्ये फिरकतच नसे. माणसांना एकेकटं बोलावून घ्यायचा. मिस्त्रीला सांगितलं, बाई तुझ्या कामात खोट काढते. नर्मदाबाईला सांगितलं, मिस्त्रीला तुझ्या जागी आपली भावजय आणायची आहे. महिन्याभरात दोघांचं बोलणं तुटलं.

पौषात पाचव्या रेच्याचा पट्टा चिरला. नवा येईपर्यंत रेचा बंद ठेवावा, असं इनायतने शंकरसिंगला दोनदा सांगितलं. त्याने मान डोलावली, आणि नर्मदाबाईला बोलावून रेचा रिकामा का म्हणून झापलं.

दुपारी इनायत स्वतः तिच्याकडे आला.

"पाचव्यावर कुनाला बसवू नका, बाई. पट्टा चिरून राहिला."

"तुमच्या भावजयीला बसवायचं असंल," ती म्हणाली.

त्याला काही उमगलं नाही. तो परत गेला. पट्टा उतरवून ठेवणं त्याच्याच हातात होतं, पण बाई तक्रार करील या धाकाने त्याने तो उतरवला नाही.

नर्मदाबाईने आपल्या बायांपैकी चंदाबाईला पाचव्यावर बसवलं. तासाभरात पट्टा तुटला आणि त्याचा फटका चंदाबाईच्या उजव्या हातावर बसला. दवाखान्यात हात कोपरापासून काढावा लागला.

शंकरसिंगने दोघांना वेगवेगळं बोलावलं. चूक दुसऱ्याची, असं लिहिलेल्या कागदावर इनायतने सही केली, नर्मदाबाईने अंगठा दिला. शेठजींना मात्र त्याने कळवलं, की चंदाबाई डुलक्या घेत होती. ते दोन कागद त्याने खणात ठेवले, आणि ते तिथे आहेत हे दोघांनाही कळू दिलं.

फाल्गुनात चंदाबाई काम मागायला आली. डाव्या हाताने सरकी झाडीन म्हणाली. शंकरसिंगने तिला मुकादमिणीकडे धाडलं.

"माझ्या हातात काय हाय माय? मिस्त्रीला इचार," नर्मदाबाई खाली बघत म्हणाली.

मिस्त्रीने मॅनेजरचं नाव सांगितलं.

चंदाबाई पुन्हा मॅनेजरकडे गेली नाही. फाटकाशी थोडा वेळ उभी राहिली, मग घराच्या वाटेला लागली. दोघांनीही तिला जाताना पाहिलं. तेवढ्यात भोंगा झाला. नर्मदाबाईने बाया बसवल्या, इनायतने इंजिन सुरू केलं.