उखाण्यांचा खोडवा

मोबाइल टुंग करून वाजला, तसा आम्रपालीनं पिठाच्या हातानंच तो उचलला. एकोणपन्नास रुपये जमा. गाव : तिरुपूर.

"आता तिरुपुरात कुणाला गं मराठी उखाणे लागतात?"

"तुलाच ठावं," आई जाईबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "स्वतःच्या लग्नाचा पत्ता न्हाई, आन् जगातल्या बायकांना नवऱ्याची नावं घ्यायला शिकवतीया!"

आम्रपाली रहिमतपुरात बसून लिहिण्यावर पोट भरायची. पडेल ते लिहायची. वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, आणि मुख्य म्हणजे कुपवाडच्या जयराजदादांच्या पंपांची माहितीपत्रकं. लिहिलं तर पैसे, नाहीतर ठणठण गोपाळ. दिवाळीत तिनं सहज म्हणून शंभर उखाण्यांची पुस्तिका इंटरनेटवर विकायला ठेवली, आणि काय नवल! ही घोरत पडली तरी पुस्तिका आपली खपतेच आहे. संक्रांतीच्या महिन्यात दोनशेच्या वर गेल्या.

तिच्या वडिलांनी, जालिंदर यांनी, जन्मभर लोकांच्या उसाला पाणी पाजलेलं. ते म्हणाले, "म्हंजी खोडवाच की ह्यो. एकदा लावलेला ऊस तोडला, की बुडख्यातनं आपसूक परत फुटतो. नांगरट नको, बेणं नको. पर पोरी, खोडव्यालाबी पाणी लागतंया. आन् दोन-तीन तोडी झाल्या, की नवी लावण करावीच लागती."

आम्रपालीनं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. फुकट उगवतंय तर कोण कशाला राबेल?

जयराजदादांचा निरोप होता, सगळ्या पंपांचं नवं पुस्तक करायचंय, वर्षभराचं काम आहे. "शनिवारी दुपारपातूर सांग. पुण्याचा एक जण मागं लागलाय." नाही म्हणायचं तिनं मनात ठरवलंच होतं, पण तोंडानं म्हणायला जीव धजत नव्हता. जयराजदादांच्या कामावरच तर ती लिहायला शिकली होती.

शनिवारी सकाळी ती गावांची यादी काढून बसली. गुवाहाटी, वरंगळ, आसनसोल, सेलम. बघता बघता तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. लहान गाव असो की मोठं, एका गावात एकच पुस्तिका गेलेली. दुसरी नाहीच! डोक्यात किडा वळवळायला लागला. असं कसं? तिरुपूरच्या एकीला लागते, तर तिच्या शेजारणीला का लागत नाही? दुपार टळली तरी ती नकाशात डोकं घालून बसलेली. शेवटी राहवेना, म्हणून तिनं कोइमतूरच्या जुन्या ऑर्डरवरचा नंबर फिरवला.

पलीकडून खणखणीत आवाज आला, "आवं ताई, उखाणंवाल्या तुमीच व्हय? म्या रेश्मा. विट्याकडची."

आम्रपालीच्या डोक्यात एकदम उजेड पडला. विट्याची माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं घालून बसलेली. रेश्माचे यजमान शिवतेजराव त्यातलेच.

"आमी चाळीस बायका हाय हितं," रेश्मा सांगायला लागली. "परमुलखात उखाणं शिकवायला म्हातारी माणसं कुठली? म्या एकटीनं घेतलं आन् मोबाइलच्या गटात टाकलं. समद्या गावांत असंच चाललंय."

"आणि तुम्ही सगळ्या तेच म्हणता?"

"त्याचीच तर गंमत झाली! संक्रांतीला मोहिते काकी म्हणाल्या, 'चालू केला पंप, पाणी आलं मळ्यात.' दुसरीनंबी तेच. तिसरी तोंड उघडती, तर तेच! हसून हसून मेलो बगा. आता शंभरच्या शंभर शिळं झालं. एकदा बैठकीत म्हटलेलं परत कोण म्हणंल? नवीन कवा देताय? आन् आमच्या भट्टीचं, मुशीचं एकबी न्हाई त्यात."

"मूस म्हणजे?"

"सोनं वितळवायचं भांडं. तुमाला ठावं न्हाई?"

आम्रपाली हसली आणि हसता हसताच हिशेब घालायला लागली. एका गावाला एक प्रत. गावं संपली, की खोडवा संपला! आणि तो पंपाचा उखाणा सुचला कुठं होता? जयराजदादांच्या आवारात, नव्या पंपाचं पाणी अंगावर उडालं तेव्हा. घरात बसून नव्हता सुचला.

तिनं तसाच कुपवाडला फोन लावला.

"उशीर केलास गं," जयराजदादा म्हणाले. "दोन वाजेपातूर वाट बघितली. दिलं की त्या पुण्याच्याला."

आपल्या हातानं आपण वर्षाचं काम घालवलं, याचं तिला रडू आलं.

"पंपाच्या खोक्यावर चिकटवायची चिठ्ठी तेवढी हाय," ते म्हणाले. "चार वळींची. करतीस?"

"करते. पण कारखान्यात येऊन, पंप बघून."

जालिंदरनी ते ऐकलं. "कांडीवरला एक डोळा पुरला तरी ऊस उगवतो," एवढंच म्हणून ते बाहेर गेले.

कुपवाडला जायला सोमवारी सकाळच्या गाडीनं ती सांगलीला निघाली. गाडीत चार ओळींची जुळवाजुळव करता करता मध्येच दोन ओळी भलत्याच आल्या. तिनं त्या लगेच रेश्माला पाठवल्या :

'परमुलखात दुकान, भट्टीवर मूस,
शिवतेजरावांचं नाव घेते, पुन्हा नको पूस.'

खाली लिहिलं, 'तुमच्यासाठी फुकट. पण कुणाला पुढं पाठवू नका.'

सांगली यायच्या आत टुंग वाजलं.

'उशीर झाला ताई. चाळीस जणींत गेलाबी. दुसरा कवा?'