बिशपचा रिलीव्हर

घरबसल्या टायपिंगच्या कामात रेणूनं आजवर काय काय पाहिलं होतं. दुर्गच्या कोर्टातले अर्ज, लग्नपत्रिका, मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात. बिशप मात्र तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आला. कुम्हारीकडच्या एका चर्चमधल्या सिस्टरना एक एप्रिलच्या आत एका संताच्या चरित्राची हिंदी पुस्तिका हवी होती. संताचं नाव ह्यू, गाव फ्रान्समधलं ग्रेनोबल, काळ नऊशे वर्षांपूर्वीचा. बिशप म्हणजे कोणीतरी मोठा महाराज असेल, अशी स्वतःची समजूत घालून रेणूनं बोटं चालवायला सुरुवात केली.

दुसऱ्या पानावर तिची बोटं थांबली. या ह्यूला सत्ताविसाव्या वर्षी धरूनबांधून बिशप केलं होतं. त्याला ते मुळीच नको होतं. दोन वर्षं कशीबशी काढून तो गडी चक्क पळाला आणि एका मठात साधा साधू होऊन बसला. वाचून रेणूला इतकं बरं वाटलं की उठून तिनं स्वतःपुरता चहा केला. चहा संपेस्तोवर पोपचा हुकूम आलाच: परत जा, गादी सांभाळ. बिचारा परत गेला. मग डोकं दुखायचं, पोट दुखायचं, तरी काम चालूच. पोप मरत, नवे येत. हा प्रत्येकाच्या विनवण्या करी, की आता मला मोकळं करा. आणि प्रत्येक जण गोड बोलून सांगे, तुझ्यासारखं दुसरं कोण करणार?

सिस्टर चार-चार पानंच पाठवत. पानं तिथं संपली आणि रेणूच्या जिवाला घोर लागला.

घोर लागण्याचं कारण खाटेवर बसलेलं होतं. तिचे सासरे बळीराम यांनी भिलाईच्या प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसवर पस्तीस वर्षं काढली होती. गेली सहा वर्षं त्यांची आठवण घरंगळत चालली होती. आधी नावं गेली, मग चेहरे, मग जेवलो की नाही ते. राहिली फक्त ड्यूटी. रोज खाकी शर्ट घालून ते शिफ्टला निघत, आणि रोज रेणू त्यांना दारातून परत आणी. नवरा पीयूष सकाळी सातला रसमड्याच्या कारखान्यात जाई आणि रात्री येऊन ताटावरच पेंगे. त्याला काय बोलणार? नातेवाईक येत, रेणूसारखी सून मिळायला भाग्य लागतं म्हणत, आणि चहा पिऊन जात. या कौतुकाची तिला धास्तीच बसली होती. कौतुक झालं की काम आणखी पक्कं होतं, हे तिला पुरतं कळलं होतं.

पण एप्रिलपासून बाबांना नागपूरला नेतो, असं तिच्या दिरानं, भूषणनं, कबूल केलं होतं. रेणू त्या एका शब्दावर तग धरून होती. बिशप सुटला तर आपणही सुटू, असं काहीतरी खुळं तिच्या मनानं घेतलं होतं.

शेवटची पानं आली त्याच दुपारी भूषणचा फोन आला. मुलीचं, गुंजनचं, दहावीचं वर्ष, घर तिसऱ्या मजल्यावर, असं बरंच सांगून झाल्यावर तो म्हणाला की वहिनी, तुम्ही करता तसं आमच्यानं व्हायचं नाही. रेणू बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवून तिनं पानं उघडली.

बिशपला कोणी सोडलं नाही. बावन्न वर्षं! शेवटी त्याची आठवण गेली, माणसं ओळखू येईनात, तोंडात तेवढी प्रार्थना राहिली. गादीवर असतानाच तो मेला आणि दोन वर्षांत त्याला संत केलं. रेणूचं डोकंच फिरलं. संत करायला यांना दोन वर्षं पुरली, आणि मोकळं करायला बावन्न पुरली नाहीत. ती ते मोठ्यानं बोलली. ऐकायला सासऱ्यांखेरीज कोणी नव्हतं, म्हणून त्यांनाच सगळी कथा सांगितली.

त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "त्याचा रिलीव्हर काहून नाही आला?"

रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो समोर येऊन उभा राहिल्याशिवाय भट्टी सोडायची नाही, हा नियम.

"नाही आला, बाबा."

म्हाताऱ्याच्या तोंडावर खरंखुरं दुःख आलं. ते रेणूकडे बघत राहिले. "अन् तुया, कवडू? तूही कधीचा उभा आहेस."

कवडू त्यांचा भट्टीवरचा जोडीदार, केव्हाच वारलेला. एरवी रेणूनं चूक सुधारली असती. आज तिच्यात तेवढं बळ नव्हतं. "माया बी नाही आला," ती म्हणाली.

ते उठले आणि तिला खुर्चीवरून उठवून स्वतः कॉम्प्युटरसमोर बसले. "जाय, झोप जरा. मी आहो न."

तिनं गॅस बंद केला, दाराला कुलूप घातलं, किल्ली मुठीत घेतली आणि दहा मिनिटं म्हणून आत आडवी झाली.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. तीन तास! ती धडपडत बाहेर आली. सासरे खुर्चीत ताठ बसले होते, डोळे काळ्या पडद्यावर. खुर्चीखाली ओल पसरली होती, पायजमा चिंब होता.

सहा वर्षांचा वैताग तिच्या तोंडाशी आला. "बाथरूम तिथंच तं आहे, बाबा. उठून जायचं न."

त्यांनी शरमून मान खाली घातली, पण जागचे हलले नाहीत. "तू आलाच नाही," ते म्हणाले. "जागा सोडून कसा जाऊ?"

रेणूला रडू फुटलं, ते तिनं आवरलं नाही. सहा वर्षांत तिची पाळी कोणी घेतली असेल तर ती याच माणसानं, आणि घेतली ती अशी. सासऱ्याचं नाव तिनं कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं. ती नियमाप्रमाणे त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आलो मी, बळीराम," ती म्हणाली. "जाय तू आता."

"सगळं बराबर चालून राहिलं," त्यांनी सांगितलं, आणि उठले.