विकूक बसलंय, लपवूक नाय

मित्रांनो, डिचोलीच्या बसस्टँडबाहेरचा एका अंगाला कललेला पेपर स्टॉल म्हणजे मी. जुना आहे; भंगार नाही. म्हापशाच्या एका सुताराने मला फणसाच्या फळ्यांतून घडवले. भिकाजींनी मला इथे उभे केले आणि ते गेल्यावर त्यांच्या पत्नी वत्सलाबाई माझ्यात बसू लागल्या.

माझी गिऱ्हाइके मोठी नमुनेदार! कोणी बस येईपर्यंत फुकट वाचतो. कोणी आधी मरणाच्या बातम्या बघतो, मग बाकीचे जग. मुळगावचे शेतकरी कृष्णनाथ तर वाचून झाल्यावर अशी घडी घालतात, की पेपर उघडलाच नव्हता असे वाटावे! "विकत घेवन वाचा हो!" वत्सलाबाई रोज ओरडतात. हल्ली बरेचजण मला नुसते टेकतात आणि मोबाइल बघतात.

यंदा श्रावणात खाणीच्या ढिगाऱ्याची माती मुळगावच्या शेतांत उतरली. फोटो पहिल्या पानावर आला. त्या सकाळी एक जीप थांबली. खाणीचा माणूस उतरला आणि म्हणाला, "सगळे पेपर बांधून द्या."

वत्सलाबाईंनी तो फोटो आधीच पाहिला होता. "सगळे मिळाचे नाय. एका माणसाक एकच."

"विकायलाच बसलात ना?"

"होय. विकूक बसलंय, लपवूक नाय."

त्याने रागाने मला लाथ मारली. माझी पुढची फळी फुटली, पण मी पडलो नाही. वत्सलाबाई बाहेर आल्या. त्यांनी गठ्ठ्यातून एक पेपर काढला आणि त्याचे पानन् पान कपड्यांच्या चिमट्यांनी माझ्या दाराला लावले.

"वाचा! आज सगळ्यांक फुकट!"

कृष्णनाथ पुढे झाले. फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या माझा शेत." मग त्यांनी सगळी बातमी मोठ्याने वाचली. बसमधली माणसेसुद्धा उतरून ऐकू लागली.

"उद्या हा स्टॉल इथे दिसणार नाही," म्हणत तो माणूस निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो खरोखरच टेम्पो आणि गडी घेऊन आला. पण माझ्या पायरीवर, फळीवर, चारही बाजूंना माणसे पेपर उघडून बसली होती. कोणी आवाज चढवला नाही, कोणी उठलेही नाही. गडी थोडा वेळ घुटमळले. टेम्पो रिकामा परतला.

शेतातली माती अजून निघालेली नाही. भांडण चालू आहे, आणि त्याच्या बातम्या मीच विकतो!

मित्रांनो, मला कुणाची दया नको. मला उचलायला एक टेम्पो पुरतो, हे मला ठाऊक आहे. तो पुन्हा आला, तर लांबून फोटो काढू नका. येऊन माझ्या पायरीवर बसा. जागा पुष्कळ आहे.