न उलटलेले पान

राजश्रीने पिशवीतून पुस्तक काढून ओट्यावर बसलेल्या चांगुणामावशीसमोर धरले. मावशीने तंबाखूचे हात लुगड्याला पुसले, मांडीवरचे विड्यांचे सूप बाजूला सारले आणि मुखपृष्ठावरच्या अक्षरांवरून बोट फिरवले.

"हे तुजं नाव व्हय?"

"हो, मावशी. माझं पहिलं पुस्तक."

परवा एका मुलाखतीत कुणीतरी विचारले होते, लिहायला कुठे शिकलात? राजश्रीने शाळेतल्या बाईंचे नाव सांगितले. ते खोटे नव्हते. पण घरी आल्यावर तिला जेवण गेले नाही, आणि रविवार उजाडताच ती विडी कामगारांच्या वसाहतीला, विडी घरकुलाला जाणाऱ्या बसमध्ये बसली.

नववीत असताना ती शाळा सुटल्यावर आईबरोबर याच ओट्यावर विड्या वळायला बसे. तिचा हात काही बसेना. विड्या सैल व्हायच्या. एके दिवशी चांगुणामावशीने तिच्या हातातले पान काढून घेतले. "तू आपली वाच कायतरी. तुज्या वाट्याच्या विड्या आमी वळतो," म्हणाली.

राजश्रीने रद्दीतून एक जाड कादंबरी आणली. पुठ्ठे गेलेले, मागची पाने फाटलेली. घर सोडून गेलेला मुलगा आणि त्याची वाट बघणारी आई. ओट्यावरच्या बायका ऐकता ऐकता दोरा गुंडाळायच्या थांबत. नेमका त्याच वर्षी मावशीचा मुलगा दीपक भांडून पुण्याला निघून गेला होता. चार महिने त्याचा पत्ता नव्हता. पाने संपली तेव्हा राजश्रीने मावशीच्या तोंडाकडे पाहिले आणि खाली मान घालून तशीच वाचत राहिली. तीन दिवस लावून तिने त्या मुलाला गाडीतून उतरवले, रस्ता चुकवला आणि शेवटी उंबऱ्यात आणून उभे केले.

"मावशी, त्या रद्दीतल्या पुस्तकात तसं नव्हतं," राजश्री म्हणाली. "कॉलेजात मला ते पुरं वाचायला मिळालं. तो मुलगा घरी येतच नाही. मी तुम्हाला फसवलं."

मावशीने विडीचे तोंड दुमडले, दोरा तोडला.

"ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"तीन दिस तू पान उलटलंच न्हाईस. तुजी आई मला कोपरानं ढोसायची. समद्यास्नी कळलं हुतं."

आईला जाऊन सहा वर्षे झाली होती. जिवंतपणी एकदाही आईने हा विषय काढला नव्हता.

"मग कुणी बोललं का नाही?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस की." मावशीने नवे पान घेतले. "माजा दीपक आला त्यो दिवाळीला. तवर मला तुज्याच पोराचा आधार हुता."

राजश्री खाली वाकली. मावशीने पाय मागे घेतले.

"माज्या एकलीच्या नगं. शिवबाई हाय अजून. तुज्या निम्म्या विड्या तीच वळायची."

राजश्रीने डोळे पुसले, चपला पायात सरकवल्या आणि शिवबाईची गल्ली कुठली, ते नीट विचारून घेतले.